ढोल गायब झालेली आखाजीची गाणी: अमळनेरच्या एका माळ्याचं प्रकरण

हे प्रकरण अमळनेरचं आहे. माळा ज्यांचा, त्यांना गावात सगळे नानाच म्हणतात, मी पण तेच म्हणेन. नानांचं १९९७ पासून डीटीपीचं दुकान होतं, लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, निवडणूक आली की पत्रकं, मग २००० च्या आसपास त्याच दुकानात प्लायवूडच्या केबिनी ठोकून सायबर कॅफे काढला, तो बरीच वर्षं धो धो चालला आणि लोकांच्या खिशात नेट आल्यावर बसला. दुकान गेलं, मशीनं घराच्या माळ्यावर गेली, वर पत्रे आणि मे महिन्यात खान्देशातलं ऊन, म्हणजे माळ्यावर काय भट्टी होत असेल ते सांगायला नको. आता घर पाडून नवीन बांधायचं ठरलं आणि भंगारवाल्याशी किलोवर सौदा पण झाला. नानांच्या घरच्यांचं म्हणणं सरळ होतं, "कसाले ठेवस हाई भंगार?"

तेवढ्यात एका मुलीचा मला फोन आला. मी जळगावला कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो आणि जुन्या मशीनांचं मला वेड आहे हे तिला कुणीतरी सांगितलेलं. तिचे आजोबा शिक्षक, गावात गुरुजी. रिटायर झाल्यावर ते बोरी नदीकाठच्या गावांमधून फिरून बायांकडून आखाजीची आणि कानबाईची अहिराणी गाणी लिहून घ्यायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि कानबाई श्रावणातली. गुरुजी वारले, वह्यांना वाळवी लागली. पण त्यांनी त्यातली बरीचशी गाणी नानांच्या दुकानात बसून कॉम्प्युटरवर टाइप केलेली होती आणि नानांचा पुतण्या, जो तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, त्यानं १९९९ च्या सुरुवातीला त्याची वेबसाइट केली होती, एवढं नातीला आठवत होतं. तिचा प्रश्न एकच होता, भाऊ, ती गाणी परत मिळतील का.

तेव्हाची पद्धत बघा. गुरुजी अमळनेरला टाइप करणार, फाइल फ्लॉपीवर, फ्लॉपी कुणीतरी पुण्याला जाणाऱ्या पोराच्या बॅगेत, आणि पुण्यात पुतण्या नेटवर बसून अपलोड करणार. व्हीएसएनएलनं देशात सगळ्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला चालू केलं पण ते मोठ्या शहरांत, आमच्या तालुक्याच्या गावांना ते पेपरात वाचायला मिळायचं. त्यामुळे गुरुजींनी स्वतःची साइट कितीतरी महिने पाहिलीच नव्हती, प्रिंटआउट पाहिलेले.

साइट जिओसिटीजवर होती. फुकट जागा मिळायची, आणि पत्ता वस्तीवार असायचा, म्हणजे कॉम्प्युटरवाले सिलिकॉन व्हॅलीत, सिनेमावाले हॉलिवूडमधे, साहित्य-शिक्षण-तत्त्वज्ञानवाले अथेन्समधे. गुरुजींची गाणी अथेन्समधे राहायला गेलेली. ज्या अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे त्या गावाला हा शेजार शोभतोच म्हणा. पुढं १९९९ मधेच याहूनं जिओसिटीज विकत घेतलं आणि २६ ऑक्टोबर २००९ ला बंद करून टाकलं, जपानचा भाग तेवढा आणखी काही वर्षं चालला. बंद होण्याआधी आर्काइव्ह टीम नावाच्या हौशी लोकांनी मिळेल तेवढं उतरवून घेतलं आणि पुढच्या वर्षी ६०० जीबीच्या वरचा टोरेंट, म्हणजे लोकांनी एकमेकांकडून उतरवून घ्यायचा गठ्ठा, सोडला. इंटरनेट आर्काइव्ह तर १९९६ पासून पानं गोळा करतंय, ती जुनी पानं बघायचं त्यांचं वेबॅक मशीन २००१ ला लोकांसाठी उघडलं. म्हणून आधी तिकडं शोधलं.

सापडली. पूर्ण नाही, पण घरपान सापडलं, मागं विटांच्या भिंतीसारखी टाइल, फावडं मारणारा 'काम चालू आहे'वाला माणूस, हिट काउंटरच्या जागी तुटलेल्या चित्राची चौकट, आणि आखाजीच्या गाण्यांचं एक पान. बाकीच्या पानांच्या लिंका मेलेल्या. अभिप्रायाची वही दुसऱ्याच कुठल्यातरी फुकट सर्व्हिसवर होती, ती सर्व्हिसच गेली तर वही कुठली राहणार. त्या वहीत आखातातून आणि अमेरिकेतून आपल्याकडच्या लोकांनी लिहिलेलं असायचं असं पुतण्या सांगतो, ते कायमचं गेलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि जे पान सापडलं ते वाचता येईना. सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. वर ठळक अक्षरात सूचना, पान दिसत नसेल तर इथून फॉन्ट उतरवून घ्या, आणि ती फॉन्टची झिप फाइल आर्काइव्हनं घेतलेलीच नव्हती.

इथं थोडं थांबून बोलतो कारण माझ्या मते सगळं प्रकरण याच जागी आहे. जुन्या वेबच्या आठवणी काढणारे लोक भरपूर झालेत, विंडोज ९८ चा निळा-हिरवा डेस्कटॉप, मोडेमचा किर्र आवाज, नाचणारं बाळ, सगळं शेअर होतं, मलाही आवडतं. पण इंग्रजीत लिहिलेलं १९९६ चं पान आज उघडलं तरी वाचता येतं. आपलं १९९९ चं पान उघडलं तर ते वाचता येत नाही, कारण तेव्हा देवनागरी ही फॉन्टची चलाखी होती, फाइलमधे इंग्रजी अक्षरं आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी चित्रं दाखवणार. देवनागरी युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी ठरलेल्या एकाच जुळणीत, १९९१ पासूनच होती पण विंडोज ९८ ला ती कळायची नाही, घरोघरी ती पोचली विंडोज एक्सपीच्या काळात, ते पण सेटिंगमधे जाऊन चालू करावी लागायची. तोपर्यंत ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याची त्याची जुळणी, श्रीलिपीची वेगळी, आकृतीची वेगळी, सीडॅकची वेगळी, शिवाजीची वेगळी, कृतिदेवची वेगळी. म्हणजे आपल्याकडे मशीन जपून भागत नाही आणि फाइल जपूनही भागत नाही. फॉन्ट गेला की वाचणाराच गेला.

तर माळ्यावर जावंच लागणार होतं.

वर धा-बारा मशीनं, १५ इंची सीआरटी मॉनिटर, यूपीएसच्या फुगलेल्या बॅटऱ्या, आणि फ्लॉप्यांचे दोन प्लास्टिकचे डबे. नानांचा उत्साह असा की पहिलंच मशीन खाली आणलं आणि म्हणाले, "चालू करी देख ना भो!" मी नाही म्हटलं, ते त्यांना पटलं नाही, कारण त्यांना तो सुरू होतानाचा आवाज ऐकायचा होता. पण त्यांच्या मुलानं आदल्याच आठवड्यात एक मशीन लावून पाहिलं होतं आणि पॉवर सप्लायमधून धूर निघाला होता, ते त्यांनी मला नंतर हळूच सांगितलं. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या एसएमपीएसचे, म्हणजे त्या पॉवर सप्लायचे, कपॅसिटर सुकलेले नाहीतर फुगलेले असतात, त्याला एकदम २३० व्होल्ट दिले की तो गेला आणि जाताना बोर्डाला आणि डिस्कलाही घेऊन जाऊ शकतो. आणि समजा नीट चालू झालं तरी विंडोज ९८ आधीच्या वेळी नीट बंद केलेलं नसेल तर स्वतःहून स्कॅनडिस्क चालवतं आणि डिस्कवर लिहायला लागतं, भारनियमनात बंद पडलेली मशीनं नीट कुठून बंद झालेली असणार! आपल्याला काढायच्या असलेल्या डिस्कवर कुणीही एक अक्षरही लिहू नये, हा पहिला नियम. म्हणून हार्ड डिस्का बाहेर काढल्या, जंपर मास्टरवर केला, यूएसबीच्या आयडीई अडॅप्टरला लावल्या आणि डीडीरेस्क्यूनं आख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, घेतली. ते सॉफ्टवेअर आधी सोपं सोपं वाचून घेतं, अडलं की पुढं जातं, आणि कुठं कुठं अडलं ते एका मॅप फाइलमधे लिहून ठेवून शेवटी त्या जागांशी कुस्ती खेळतं. मरायला टेकलेल्या डिस्कला हेच बरं, नाहीतर एकाच खराब सेक्टरवर डोकं आपटून ती तिथंच जीव सोडते.

डीटीपीच्या मशीनची डिस्क ४.३ जीबीची, थोडी खरडली पण जवळजवळ सगळी आली. एवढ्या जागेत आज एक सिनेमा बसतो, आणि त्यात नानांचा तीन-चार वर्षांचा धंदा होता.

आता कॅफेच्या डिस्का. माझं आणि नातीचं इथं वाजलं. तिनं कुठंतरी वाचलेलं की जतन करायचं तर सगळंच करायचं, काय महत्त्वाचं ते पुढच्या पिढीला ठरवू दे. तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण पहिल्या कॅफे-डिस्कची इमेज उघडली आणि त्यात याहू मेसेंजरचं सेव्ह केलेलं चॅट, ब्राउझरच्या कॅशमधे लोकांच्या मेलची पानं, वेबकॅमचे फोटो, कुणाचा नोकरीचा अर्ज, कुणाचं काय. ही माणसं आज चाळिशी-पंचेचाळिशीची आहेत आणि याच गावात राहतात, एकमेकांच्या घरी लग्नाला जातात. नाना म्हणाले, "अर्ध्या गावाची लग्नं या केबिनीतून जमली अन् काही मोडली पण इथंच." मोठ्या शहरातल्या कुठल्या संग्रहालयाला ते इतिहास वाटेल, आमच्या गावात ती भानगड आहे. कॅफेच्या डिस्कांमधे साइटच्या फाइली आहेत का एवढंच शोधलं, नव्हत्या, आणि मग त्या डिस्का ड्रिलनं भोकं पाडून टाकल्या. काही मित्रांना हे पटलेलं नाही. मला वाटतं ज्यानं तासाला पैसे देऊन केबिनीचा पडदा ओढून घेतला होता त्यानं आपल्याला काही जपायला दिलेलं नव्हतं. ग्राहकांच्या नावांचं रजिस्टर होतं ते नानांनीच बंबात घातलं.

लग्नपत्रिकांच्या फाइली मात्र ठेवल्या, पेजमेकरच्या. त्या छापून गावभर वाटलेल्याच होत्या, त्यात लपवायचं काय. गणपतीची क्लिपआर्ट, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं', मुंज-साखरपुडा-हळद सगळं, एकेका घराण्याची वंशावळ त्यातून लागेल. आमच्या खान्देशात कागद जपण्याची परंपरा लहान नाही, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले आणि त्यांनी जन्मभर वणवण करून गोळा केलेल्या दप्तरांसाठी तिथं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनीही कुणाच्या देण्याघेण्याच्या याद्या आणि घरगुती पत्रं टाकून दिली नव्हती. फक्त त्यांची माणसं मरून शंभर-दोनशे वर्षं झालेली होती, हा फरक मोठा आहे.

फ्लॉप्यांचं थोडक्यात सांगतो. फ्लॉपी ड्राइव्हमधे घालायच्या आधी कोपऱ्यातली खिडकी उघडी करायची म्हणजे तिच्यावर लिहिलं जात नाही, शटर सरकवून आतली चकती बघायची, पांढरे ठिपके दिसले तर ती बाजूला, नाहीतर तिची बुरशी ड्राइव्हच्या हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या फ्लॉप्या खरवडल्या जातात. कोरड्या हवेनं बुरशी कमी होती, धूळ आणि उन्हानं वाकलेली कव्हरं जास्त. बऱ्याचशा वाचल्या गेल्या. काही अर्ध्यात दम सोडून गेल्या. कानबाईची बरीच गाणी या फ्लॉप्यांवरच होती.

आणि फॉन्ट? डीटीपीच्या डिस्कवर, विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमधे, कृतिदेव. दुकानात सगळं काम श्रीलिपीत असताना गुरुजींनी कृतिदेव का घेतला याचं उत्तर त्यांच्या पत्नीनं दिलं, त्यांना गावात सगळे आक्का म्हणतात. गुरुजी मास्तर व्हायच्या आधी कचेरीत टायपिस्ट होते, रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर हात बसलेला, आणि कृतिदेवची कळपाटी बरोब्बर तीच. म्हणजे फाइलमधे जे आहे ते खरं तर गुरुजींच्या बोटांचा क्रम आहे. 'मराठी' हा शब्द कृतिदेवमधे टाइप केला तर फाइलमधे ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढंच असतं.

युनिकोडमधे न्यायला नेटवर तयार कन्व्हर्टर मिळतात, पण ते जपून वापरा. कृतिदेवमधे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमधे ती नंतर साठवली जाते. रफार उलटा, कृतिदेवमधे अक्षराच्या नंतर आणि युनिकोडमधे आधी. ख, ध, भ असली अक्षरं अर्धं अक्षर आणि पुढं काना अशी बनलेली, त्यामुळे कुठला काना अक्षराचा दांडा आहे आणि कुठला खरा 'आ' आहे ते कन्व्हर्टरला ठरवावं लागतं. हे सगळं चांगला कन्व्हर्टर करतो. आमचं अडलं दोन जागी.

एक म्हणजे ढ. आर्काइव्हमधलं पान मी फॉन्ट लावून ब्राउझरमधे उघडलं, मस्त देवनागरी दिसली, पण ओळी तुटक तुटक, अर्थ लागेना. आक्कांना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, अरे यात ढोल कुठं आहे, त्या गाण्यात तर ढोल वाजतो! बरोबर होतं त्यांचं. कृतिदेवमधे ढ हे अक्षर 'पेक्षा लहान'च्या चिन्हावर आहे आणि झ हे 'पेक्षा मोठा'च्या. एचटीएमएलमधे, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिच्यात, याच दोन चिन्हांमधे टॅग, म्हणजे ब्राउझरसाठीच्या सूचना, लिहितात. पुतण्यानं पानं नोटपॅडमधे बनवली, गुरुजींचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला, त्यामुळे ढोल आला की ब्राउझरला वाटायचं टॅग सुरू झाला, आणि ओळ संपेपर्यंत किंवा मधेच झ येईपर्यंत जे असेल ते तो गिळायचा. म्हणजे १९९९ पासून जगात ज्यानं कुणी ते पान पाहिलं असेल त्याला ढोलाशिवायची आखाजी दिसली असेल, ढोलाच्याच ओळीत पुढं झिम्मा असला तर त्याचं पण 'म्मा'च दिसलं असेल. गंमत अशी की मजकूर कुठंच गेला नव्हता. पानाचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेली फाइल, उघडला की सगळा तिथंच, शब्द न् शब्द. म्हणून सांगतो, जुनं मराठी पान वाचवताना ते कसं दिसतं त्याचा फोटो काढून समाधान मानू नका, आणि ब्राउझरमधून कॉपी-पेस्ट तर मुळीच नको, सोर्स घ्या.

दुसरी अडचण अहिराणीची. आमच्या बोलीत ऱ्ह फार, 'करी ऱ्हायना', 'जाई ऱ्हायनी', दर दोन ओळींत एकदा. हा अर्धचंद्रासारखा र गुरुजींच्या कळपाटीवर सोयीचा नव्हता म्हणून त्यांनी तेव्हाच्या सगळ्या टायपिस्टांसारखी डॅश मारलेली, '-हायना'. जुन्या पेपरांच्या साइटवर 'शेतक-यांना' आणि 'दुस-या' असं पाहिलं असेल तुम्ही, तोच प्रकार. कन्व्हर्टर डॅशची डॅशच ठेवतो. सगळ्या डॅश एका झटक्यात बदलाव्या म्हटलं तर गुरुजींनी जोडशब्दांतही डॅश दिलेल्या आणि गाण्यात जिथं बाया दम घेतात तिथंही दिलेल्या. ह आणि य च्या आधीच्या डॅश वेगळ्या काढल्या, बऱ्याच सुटल्या, पण ओळीच्या मधे दम घेतला आणि पुढचाच शब्द ह नं सुरू झाला तर काय? ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

म्हणून नातीनं आक्कांना बसवलं, ती एकेक ओळ वाचणार, आक्का म्हणून दाखवणार, आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग. आक्का दोन-चार ओळींनंतर हमखास अडवायच्या, "आम्ही आसं नई म्हनतस." कधी चूक कन्व्हर्टरची निघायची, कधी टायपिंगची, आणि कधी गुरुजींनी दुसऱ्या गावच्या बाईकडून घेतलेलं असायचं, तिथं तसंच म्हणत असतील. तिसऱ्या प्रकारात गुरुजींचा पाठ ठेवला आणि आक्कांचा खाली दिला. २०११ च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे साडेअठरा लाखांच्या वर नोंदले गेले, पण आखाजीची सबंध गाणी तोंडपाठ असलेल्या आक्का किती असतील ते ज्याच्या त्याच्या घरात बघावं.

नानांचा आवाजाचा हट्टही पुरवला. ८६बॉक्स नावाचं एम्युलेटर आहे, त्यात जुनं मशीन जसंच्या तसं उभं करता येतं, बायोससकट. डीटीपीच्या डिस्कची एक वेगळी कॉपी त्यात लावली, थोडी ड्रायव्हरची कटकट झाली, मग विंडोज ९८ चा तो सूर वाजला आणि नानांचा स्वतःचा डेस्कटॉप आला, केळीच्या बागेचा फोटो आणि पत्रिकांचे फोल्डर. नाना बराच वेळ माउस फिरवत बसले, कुणाकुणाच्या पत्रिका उघडून "हा आता नाशिकला असतो, हिचा पोरगा डॉक्टर झाला" चालू होतं. मग म्हणाले, सगळं बरोबर आहे पण हे फार पळतंय, आमचं एवढं पळत नव्हतं. खरंय, एम्युलेटरचा स्पीड कमी करून दिला तेव्हा त्यांचं समाधान झालं.

मशीनांपैकी डीटीपीचं एक आणि त्याचा मॉनिटर नानांच्या मुलानं ठेवून घेतला, त्याचा एसएमपीएस बदलून द्यायचाय. बाकीचे मॉनिटर भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्यांकडे पाठवायला लावले, कारण भंगारात त्यांच्या काचा फोडून मागचं तांबं काढतात आणि त्या काचेत शिसं असतं. नानांना त्यात चार पैसे कमी मिळाले, त्यांनी ते मला दोनदा ऐकवलं.

गाणी आता तीन रूपांत आहेत. गुरुजींच्या मूळ फाइली आणि त्यांच्याच फोल्डरमधे कृतिदेवचा फॉन्ट आणि कुठलं अक्षर कुठल्या कळीवर याचा साधा तक्ता, मग युनिकोडमधला तपासलेला पाठ, आणि आक्कांचं रेकॉर्डिंग. एक कॉपी नातीकडे, एक माझ्याकडे, एक कॉलेजच्या लायब्ररीत पेनड्राइव्ह आणि छापील बाड अशी दोन्ही, आणि पाठ इंटरनेट आर्काइव्हवर, तो आक्कांना विचारून टाकलाय. कानबाईच्या गाण्यांतल्या काही डॅश अजून आक्कांच्या यादीत आहेत, त्यांना दमा आहे त्यामुळे काम हळू चालतं. अर्ध्यात थांबलेल्या फ्लॉप्या मी फेकलेल्या नाहीत, ग्रीसवीझल नावाचा छोटा बोर्ड मिळतो, तो फ्लॉपीवरचे चुंबकीय बदलच उतरवून घेतो, मग साध्या ड्राइव्हनं जिथं हात टेकले तिथलंही कधी कधी निघतं. पुण्याच्या एका दोस्ताकडे तो आहे, दिवाळीत तो जळगावला येतो तेव्हा घेऊन ये म्हटलंय.